कलिंगडानंतरचा अणू

मार्गशीर्षातला दुसरा रविवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. साखर कारखान्याच्या तळावर, आमच्या कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, मी उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होतो. तेव्हा खांद्याला पिशवी लावून इनामदार सर आले. वर्गात मी त्यांना दोन वर्षे पाहत होतो. खरा परिचय त्या दिवशी झाला.

तलवाड्याजवळच्या आमच्या गावी सर विज्ञान शिकवत. त्यांची पद्धत निराळी होती. शास्त्रज्ञांनी पूर्वी जे मानले, ते सर एक आठवडा खरे म्हणूनच शिकवत आणि पुढच्या आठवड्यात प्रयोग सांगून मोडून काढत. आधी अणू म्हणजे कठीण गोळी. मग अणू म्हणजे कलिंगड, गरात बिया तसे इलेक्ट्रॉन. त्या वर्षी पाऊस नव्हता. कलिंगडाच्याच आठवड्यात मी शाळा सोडून आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलो.

"सर, तुमी कावून आलात एवढ्या लांब?" वडिलांनी विचारले.

"तुमच्या पोराला चुकीचं शिकवून ठेवलंय. ते पुसायला आलो."

सरांनी मला पाठमोरे उभे केले, आईचा वरवंटा उसाच्या वाळक्या पाल्याच्या, पाचटाच्या ढिगात लपवला आणि माझ्या हातात सायकलची तार दिली. मी तार खुपसत राहिलो. ती सरळ आरपार जाई. पुष्कळ वेळाने एकदा टणकन आदळली आणि मनगट झिणझिणले. सर म्हणाले, सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेले कण असेच बहुतेक आरपार गेले. अगदी थोडे उलटे फिरले. तिथे कलिंगड संपले. अणू जवळजवळ रिकामा, मधोमध इवलेसे जड केंद्र.

"म्हंजी आमच्या दाण्याच्या कणगीवानीच रिकामा हाय," वडील म्हणाले.

"आदी माझा वरवंटा काडा. ठेचा वाटायचाय," आई म्हणाली. सर मोठ्याने हसले.

निघताना ते मला म्हणाले, "इलेक्ट्रॉन कुठं असतात, ते तू वर्गात आल्यावर." मी वर्गात गेलो नाही. पुढच्या वर्षीही विहिरी कोरड्या होत्या.

त्यानंतर सर फळ्यावरच्या प्रत्येक आकृतीखाली 'पुढचा प्रयोग होईपर्यंत' असे लिहू लागले, हे मला गावी राहून शिकणाऱ्या धाकट्या बहिणीच्या वहीवरून कळले. आपली चूक पुसायला एवढा प्रवास करणारे दुसरे कोणी मी पाहिलेले नाही.

आज मी गावच्या दूध संस्थेत नोंदी लिहितो. यंदाही दुष्काळ आहे. कॅन अर्धे भरून जातात. हा लेख इथवर लिहून सरांना वाचून दाखवायला गेलो, कारण आता त्यांना अक्षरे दिसत नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाले, "इलेक्ट्रॉनचं राहिलंच की रे." त्यांनी पाटी मागितली. केंद्राभोवतीचे वर्तुळ अर्ध्यावर आले आणि त्यांना धाप लागली. इनामदार काकूंनी त्यांना निजवले.

पाटीवरचे ते अर्धे वर्तुळ मी पुसू दिलेले नाही. पंच्याहत्तरी गाठलेल्या सरांना उदंड आयुष्य लाभो, श्वास पुरा पडो. येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.