बिनफुलांचा तोडा

सहादूला बोलायचं म्हणजे अंगावर काटा यायचा. मखमलाबादच्या अंगाला, पाटाच्या कडेला त्याची थोडकी जमीन होती. तीत झेंडू, शेवंती आणि बांधाला गुलाबाची काही खोडं. पहाटे फुलांचा तोडा करायचा, पाट्या सायकलला बांधून नाशकातला फुलबाजार गाठायचा आणि उन्हं चढायच्या आत घरी परतायचं, यात बोलायला जागा तरी कुठे होती? भाव तो बोटांनी सांगायचा, आणि गिऱ्हाईक फारच घासाघीस करायला लागलं तर आभाळाकडे बघायचा. गिऱ्हाईकही मग एकदा आभाळाकडे बघून घ्यायचं आणि मुकाट्यानं पैसे काढायचं. अशा या माणसाला एकोणऐंशी साली रंगभूमीवर पाऊल ठेवावं लागलं. हौस म्हणून नव्हे, सरकारी शिक्का होता म्हणून.

त्याची थोरली मुलगी चांगुणा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वस्तीवरून कॉलेजला जाणारी ती पहिलीच मुलगी, त्यामुळे तिच्यावर नजर ठेवायला सगळी वस्ती मोकळी होती. एक दिवस तिनं घरी सांगितलं, की मला कॉलेजच्या नाटकात घेतलंय. सहादूनं आभाळाकडे बघितलं. मग ती म्हणाली, की या नाटकात कुणीच कुणाशी एक अक्षर बोलत नाही. सहादूचा जीव भांड्यात पडला. पोरांशी बोलायचं नाही, ही त्यानं कॉलेजसाठी घातलेली एकमेव अट, आणि इथं ती नाटकवालेच परस्पर पाळत होते. त्यानं परवानगी देऊन टाकली.

नाट्यस्पर्धेसाठी हे नाटक बसवत होता श्रीरंग नावाचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा. तो सुट्टीत पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आला आणि आल्यापासून शब्द मेले असं सांगत फिरू लागला. ते सांगायला त्याला पुष्कळ शब्द लागत, ही गोष्ट वेगळी. आता म्हणे शरीर बोलणार होतं. नाटकाचं नाव ‘शून्य अधिक शून्य’. ते कुणी लिहिलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी पोरांनी हॉलमध्ये जमायचं, अंगाला सुचेल ते करायचं आणि त्यातलं बरं ते ठेवायचं, अशी पद्धत. एका संध्याकाळी सगळे मिळून यंत्र झाले, दुसऱ्या संध्याकाळी गोदावरीचा पूर झाले. तिसऱ्या संध्याकाळी रेशनची रांग झाले आणि मग कुणालाच हलावंसं वाटेना, म्हणून तो दिवस फुकट गेला.

या सगळ्याची नोंद ठेवायला कळवणकडचा भिकन होता. हा वसतिगृहात राहायचा. अंगात नाटक नव्हतं, पण अक्षर सुरेख होतं. जे जे घडेल ते ते लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, असं श्रीरंगनं त्याला बजावलं होतं, आणि भिकननं आजवर कुणाचाच शब्द मोडलेला नव्हता.

तालीम संपवायचं काम मात्र सहादूकडे होतं. म्हणजे तसं कुणी सोपवलं नव्हतं, पण दिवे लागायच्या सुमाराला तो मुलीला न्यायला यायचा, आणि बाहेर ठेवली तर चोरीला जाईल म्हणून सायकल थेट हॉलमध्ये घेऊन यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं आत पाऊल टाकलं, तर चांगुणानं श्रीरंगला खांद्यावर उचलून घेतलेलं. सहादू जागच्या जागी थिजला. घरी गेल्यावर बराच विचार करून त्यानं न्याय दिला. पोरगी रोज फुलांच्या पाट्या उचलते, तेव्हा तिनं कुणाला उचललं तर हरकत नाही, पण तिला कुणी उचलायचं नाही. नाटक त्याप्रमाणे बदलण्यात आलं. शिवाय असलं काही पुन्हा नजरेला पडू नये म्हणून तो आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. मग खाकरायचा. चांगुणा चपला घालायची, सायकलवर मागे बसायची आणि बापलेक निघून जायची. त्या वेळी बाकीची पाच पोरं झाडं होऊन एका पायावर उभी असत. चांगुणा दाराबाहेर पडली की ती धपाधप खाली बसत.

मध्येच दिंडोरीकडचं स्थळ आलं. मोतीराम म्हणून द्राक्षबागाईतदार, विहिरीला बारमाही पाणी, मुलगा एकुलता एक. मुलगी त्यांना पसंत होती, फक्त कॉलेज नको होतं. मला बी.ए. पुरं करायचंय, असं चांगुणानं आईला, भागुबाईला सांगितलं. भागुबाईनं ते नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्यानं आभाळाकडे बघितलं. पाठीला आणखी मुली होत्या, असं घर पुन्हा चालत दाराशी येईल याची हमी नव्हती, आणि शिकून मुलीचं पुढे काय होतं हे वस्तीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं मोतीरामला शब्द दिला. स्पर्धेतलं नाटक झालं की त्याच संध्याकाळी सुपारी फोडायची आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. चांगुणा यावर काही बोलली नाही. तीही शेवटी सहादूचीच मुलगी.

आता स्पर्धेत उतरायचं तर संहिता मुंबईला सरकारी सेन्सॉर मंडळाकडे पाठवून तिच्यावर मंजुरीचा शिक्का आणावा लागे. ज्या नाटकात शब्दच नाहीत त्याची संहिता आणायची कुठून? श्रीरंगनं भिकनच्या नोंदींची पक्की प्रत करायला सांगितली आणि न वाचताच पाठवून दिली. लिहिलेलं वाचणं तेव्हा त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. ती पानापानावर शिक्का घेऊन परत आली, तेव्हा त्यानं शेवटचं पान पहिल्यांदा वाचलं. तिथं सुरेख अक्षरात लिहिलं होतं: ‘मुलगी फुलं तोडते. बाकीचे झाडं होतात. फुलवाला सायकल घेऊन येतो. भिंतीकडे तोंड करतो. खाकरतो. मुलगी चपला घालून त्याच्याबरोबर जाते. झाडं पडतात. नाटक संपतं.’ यातल्या ‘खाकरतो’वर तांबडी रेघ मारलेली होती. मुलीसमोर खाकरणं सभ्यतेला धरून नाही, त्याऐवजी सायकलची घंटी चालेल, असा शेरा होता.

श्रीरंग भिकनवर उखडला. भिकनला यात आपलं काय चुकलं तेच कळेना. तो म्हणाला, “तुम्हीच सांगितलं ना, जे व्हईल ते लिही. काका रोज यायचे. मग त्यांना गाळू कसा?”

मंजूर संहितेत काडीचा फरक केला तर प्रयोग बाद, असा स्पर्धेचा नियम. नवी मंजुरी आणायला दिवस उरले नव्हते. दुसऱ्या कुणाला सायकल देऊन उभं करावं, तर भिकननं कलाकारांच्या नावांत ‘फुलवाला: सहादू, राहणार मखमलाबाद’ असंही लिहून टाकलं होतं आणि त्याच्यावरही शिक्का बसला होता. शेवटी सगळी मंडळी सायकली मारत सहादूच्या मळ्यात गेली. श्रीरंगनं शरीर, अवकाश आणि शून्य यांबद्दल बरंच सांगितलं. सहादू आभाळाकडे बघत राहिला. पाऊस येतो की काय म्हणून पोरंही वर बघू लागली.

मग चांगुणा म्हणाली, “या ना आप्पा. आता शेवटचंच हाय.”

ती कुरकुरली नाही, रडलीही नाही. नुसतं म्हणाली. सहादूला ते कुठंतरी लागलं, आणि लागलं याचा त्याला रागही आला. तो बरं म्हणाला आणि पाणी धरायला निघून गेला.

स्पर्धेच्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. मोतीराम बायकोला घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ-सुपारी. सहादू धुतलेलं धोतर नेसून, घडीचं उपरणं खांद्यावर टाकून आडोशाला सायकल धरून उभा होता. यंत्र झालं, पूर झाला, चांगुणानं उचलायचं त्याला उचललं. भिकननं खूण केली तसा सहादू सायकल ढकलत उजेडात आला आणि नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करायला वळला.

तिथं भिंत नव्हती. हॉलमध्ये जिथं भिंत होती तिथं इथं प्रेक्षक होते, आणि त्यांत पहिल्याच रांगेत मोतीराम. त्यानं ओळखीचं हसून रामराम घातला. सहादूनं घाबरून तोंड फिरवलं आणि त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा आपली मुलगी नाटकात काय करते ते त्यानं बघितलं.

चांगुणा झेंडू तोडत होती. डाव्या हातानं फांदी सावरायची, उजव्या हाताच्या नखानं देठ खुडायचा आणि न बघता फूल मागं झोळीत टाकायचं. तिथं फांदी नव्हती, फूल नव्हतं, झोळीही नव्हती. पण कुठलं झाड दाट आहे आणि कुठलं किडलंय ते सहादूला स्पष्ट दिसत होतं. पाऊल टाकताना शेजारचा फुटवा तुडवला जाऊ नये म्हणून ती जपत होती. इतकी वर्षं तो रोज पहाटे तिच्या शेजारच्या ओळीत वाकला होता, पण तिला तोडताना उभं राहून कधी बघितलं नव्हतं. इतकं चांगलं काम करणारी पोरगी आपण आता दुसऱ्याच्या दारी बांधणार, असं त्याच्या मनात आलं, आणि मनात आलं ते जाईना.

घंटीवर अंगठा होता. वाजवली की नाटक संपणार होतं. पण फुलांच्या मळ्यात एक रीत असते. तोडणारा ओळीच्या मध्ये असताना त्याला हाक मारायची नाही. हात कुठवर आला होता ते विसरतं, फुलं मागं राहतात आणि झाडावरच सडतात. सहादू या बाबतीत इतका कडक, की एकदा बैल सुटून पळाला तेव्हाही त्यानं भागुबाईला ते तिची ओळ संपल्यावर सांगितलं होतं. तेव्हा ओळ संपू दे, मग घंटी वाजवू, असं त्यानं ठरवलं.

घोटाळा असा, की ही ओळ गोल होती. ती पाच झाडांभोवती फिरत होती आणि शिक्क्याप्रमाणे घंटी वाजेपर्यंत फिरतच राहणार होती. चांगुणा एक वेढा करून पुन्हा पहिल्या झाडाशी आली. सहादू थांबला. झाडांचे पाय लटपटू लागले. एक झाड कलंडलं आणि दुसऱ्याला धरून उभं राहिलं. मधल्या झाडानं, म्हणजे शब्द मेले म्हणणाऱ्या श्रीरंगनं, दात आवळून “काका, घंटी” असं म्हटलं. ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. वेळ संपत आल्याची संयोजकांची घंटा वाजली, पण ती सायकलची नव्हती, म्हणून चांगुणानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. लोक हसू लागले. हसून हसून दमले आणि मग गप्प बसून बघू लागले.

मुलगी घामाघूम झालेली सहादूला दिसत होती. शेवटी त्यानं मळ्यात करतात तेच केलं. ओळ लांबली आणि माणूस थकलं, की दुसऱ्यानं पलीकडच्या टोकानं तोडत यायचं. त्यानं सायकल स्टँडवर लावली, उपरण्याची झोळी केली आणि उलट्या बाजूनं वाकून तोडायला सुरुवात केली. फुलबाजारातला कुणी अडत्या मागे बसला होता. तो न राहवून म्हणाला, “सहादू, मागं दोन राह्यली.” सहादू मागं गेला, ती दोन तोडून आला. बाप इकडून आणि लेक तिकडून येत येत दोघं एका झाडापाशी भेटली. शेवटचं फूल चांगुणानं तोडलं आणि बापाच्या झोळीत टाकलं. ओळ संपली. मग सहादूनं शांतपणे जाऊन घंटी वाजवली, चांगुणानं चपला घातल्या आणि दोघं निघून गेली. झाडं त्याआधीच पडली होती.

प्रयोग अर्थातच बाद झाला. फुलवाल्यानं फुलं तोडणं संहितेत नव्हतं. एका परीक्षकानं तर असं सांगितलं म्हणे, की सायकलवाला नट तोकडा पडला, त्याला फुलं तोडायचा सराव नसावा.

बाहेर मोतीराम पिशवी घेऊन उभाच होता. त्यानं विचारलं, “कसली फुलं होती वो ती?”

“झेंडू.”

“मला तर काय दिसलं नाय.”

“लांब बसला व्हता तुम्ही,” सहादू म्हणाला.

मोतीरामनं पिशवीतली सुपारी काढून हातात घेतली आणि आता ते काम उरकून टाकू म्हणाला. सहादूनं या खेपेला आभाळाकडे बघितलं नाही. तो म्हणाला, “पाव्हणं, राग मानू नका. पोरीचं शिक्षान अर्ध्यात हाय, मी तिला मधनं उठवायचा नाय. बी.ए. हू द्या, मग तिला इचारू. थांबता आलं तर थांबा, नायतर नारळ माघारी घेऊन जावा.” इतकं सलग बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याला धाप लागली.

मोतीराम थांबला नाही. संध्याकाळच्या यष्टीनं नारळासकट दिंडोरीला गेला.

सहादू मुलीला मागे बसवून घराकडे निघाला. पूल मागं पडला, मळे लागले, तशी चांगुणा म्हणाली, “आप्पा, तुमच्या बाजूनं तुम्ही कळ्या पण तोडल्या.”

“नव्हत्या कळ्या.”

“व्हत्या. एक तर पार कवळी व्हती. मी बघितलं.”

सहादूनं पुढचा चढ पायडल मारत पार केला. मग मागे न बघता म्हणाला, “चुकलं माझं. कळी तोडाया नको व्हती.”