मधल्या पानावरचा शब्द

आमचा बाइंडर माझ्या वह्या वाचतो की काय, हा संशय मला यंदाच्या जानेवारीत आला. तो यायला शेहेचाळीस वर्षे लागली, याची मला लाज वाटते.

मी रोजनिशी मधे दुमडलेल्या सुट्या कागदांवर लिहिते. वर्ष संपले की कागद त्याच्याकडे जातात आणि निळ्या कापडी पुठ्ठ्यात बांधून परत येतात. लिहिते इंग्रजीत. सासरी कोणाला वाचता येऊ नये म्हणून नव्या नवरीने काढलेली ती युक्ती होती. बाइंडरही मी तेच पाहून निवडला. चौथी शिकलेला माणूस. इंग्रजी अक्षरे त्याला ओळखू येत, कारण पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी नावे तोच उठवी. पण समोरच्या चिठ्ठीत पाहून, एकेक अक्षराचा खिळा उचलून. त्या अक्षरांचा अर्थ काय होतो हे त्याच्या गावीही नव्हते. निदान माझी तशी समजूत होती.

तरी मी खबरदारी घेई. गठ्ठ्याला दोरा, दोऱ्याला माझी स्वतःची गाठ, आणि पानांचा आकडा माझ्याकडे टिपलेला. कारण एकोणिसाव्या वहीत खुद्द त्याच्याविषयी एक शब्द आहे.

त्या वर्षी माझी कागद कापायची चांदीची सुरी हरवली. कॉन्व्हेंटची शाळा सोडताना मदरच्या हातून बक्षीस मिळालेली. ती गेली त्या आठवड्यात घरात बाहेरचा माणूस एकच आला होता. बाइंडर भरवशाचा नाही, असे मी एका लांबलचक इंग्रजी शब्दात लिहून टाकले. वर इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर घातले, "तुमच्याकडेही तोच येतो ना? जरा लक्ष असू द्या." बस, एवढेच. पुढच्या वर्षापासून शाळेच्या लायब्ररीचे काम दुसऱ्याकडे गेले.

"मग तू त्याच्याकडेच वह्या का देत राहिलीस?" असे माझी लेक विचारते. उत्तर सोपे आहे. चोर असला तरी त्याला वाचता येत नव्हते. दुसरा बाइंडर प्रामाणिक निघाला असता आणि शिकलेलाही.

दिसायला तो उंच, खांद्यात वाकलेला. नखांत वाळलेली खळ. गल्लीतली मुले त्याला खळकाका म्हणत. सुरी गेल्यापासून उंबऱ्याच्या आत तो कधी आला नाही. वही दोन्ही हातांनी पुढे करायचा, मी पाने मोजून होईपर्यंत भिंतीकडे बघत उभा राहायचा, आणि मग म्हणायचा, "बाई, एक विचारू?"

दर जानेवारीला एक प्रश्न. पहिल्यांदा त्याने विचारले, "कॉलेजच्या पुस्तकांच्या पाठीवर बायॉलॉजी, झूऑलॉजी, सायकॉलॉजी असतं. ते शेवटचं लॉजी सगळीकडे तेच. त्याचा वेगळा अर्थ असतो का हो?"

मला फार कौतुक वाटले. लॉजी म्हणजे शास्त्र, आधी जे लावाल त्याचे शास्त्र, असे मी उंबऱ्यात उभ्या उभ्या समजावले. पुढच्या वर्षी तो 'रि' घेऊन आला. मग 'लेस'. मग 'फुल'. मी सांगायची, तो मान हलवायचा आणि जायचा. आमच्या सिस्टर शब्द असेच फोडून शिकवीत, त्यामुळे मला त्यात शाळा आठवे. प्रत्येक प्रश्न मी त्या दिवसाच्या पानावर टिपून ठेवला आहे.

यंदा वही आठवडाभर उशिरा आली. शिवण किंचित तिरकी होती. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "माफ करा बाई. हात आता अनस्टेडी झालाय."

मी दार लावले आणि तिथेच उभी राहिले. अनस्टेडी? हे त्याच्या तोंडी कुठून आले?

दुपारभर मी जुन्या वह्या काढून बसले. त्याचे प्रश्न विसाव्या वहीपासून सुरू होत होते; ते सगळे एका कागदावर उतरवले. सव्विसाव्या वहीत होते, 'शब्दाच्या आधी अन लागलं की काय होतं?' मी लिहिले होते, 'उलट होते, असे सांगितले.' तिसाव्या वहीत, 'वर्दी म्हणजे काय?' त्या दिवशी आम्ही दोघेही हसलो होतो. तो म्हणाला होता, "आपली पोलिसांची वर्दी तर नसेल?" मी म्हटले होते, "नाही हो. वर्दी म्हणजे लायक. आधी जे जोडाल त्याला लायक."

आणि त्यानंतर काहीच नव्हते. एकतिसाव्या वहीत प्रश्न नाही, बत्तिसाव्यात नाही, पुढे कुठेच नाही. अकरा वर्षे न चुकता विचारणारा माणूस एकाएकी का थांबतो? हवे ते हाती लागले म्हणूनच ना?

मी लेकीला फोन केला.

"आई, तू पोलिसात हवी होतीस," ती म्हणाली. "म्हातारा माणूस आहे तो. दोन इंग्रजी शब्द शिकला म्हणून त्याला फाशी देणार आहेस का?"

"अन शिकला. वर्दी शिकला. मधे काय येतं, तू सांग."

ती म्हणाली, "एकोणीस नंबरची वही तूच लिहिलीस, आई. त्याने नाही."

मी ती वही उघडली. माझेच वळणदार अक्षर. अनट्रस्टवर्दी.

यानंतरचे लिहायला मला जड जाते, पण लिहिते. ती सुरी सापडली होती. हे गेले त्या वर्षी कपाट हलवले, तेव्हा खणाच्या पाठीमागून खाली पडली. अठ्ठाविसाव्या वहीत त्याची नोंद आहे, अवघे दोन शब्द: 'नाइफ फाउंड.' मुख्याध्यापिकाबाईंना सांगायचे मनात होते. आज सांगू, उद्या सांगू करता करता त्याही गेल्या. म्हणजे त्याने माझा तो शब्द वाचला असेल, तर हे दोन शब्दही वाचले असणार. मला सगळे माहीत आहे, हे त्याला माहीत असणार. आणि तरी हा माणूस गेली अठरा वर्षे माझ्या दारात भिंतीकडे बघत उभा राहतो? कशासाठी? कशाची वाट बघत?

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेले. जिन्याखालची खोली. एका बाजूला पुस्तके दाबायचा लाकडी शिकंजा, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्यांची चळत. दारावर इंग्रजीत 'बुक बाइंडर', त्यानेच रंगवलेले. त्याची बायको जमिनीवर बसून पाने दुमडत होती.

"या बाई. आज इकडं कशा वाट चुकलात?" ती म्हणाली. "यांच्याकडून काही चुकलं असेल तर मलाच सांगा. हे तोंडानं कमी बोलतात, दोऱ्यानं जास्त."

मी सरळ त्याला विचारले, "तुम्ही माझ्या वह्या वाचता?"

त्याने दाभण खाली ठेवली. "वाचत नाही, बाई. वाचता येत नाही मला. उसवता येतं."

तो उठला आणि फळीवरच्या डब्यातून पुठ्ठ्याची एक पट्टी काढली. पट्टीवर माझा शब्द होता, माझ्याच वळणात, एकेक अक्षर बघून काढलेला. दोन ठिकाणी सुरीने चिरा दिलेल्या.

"आठ आठ पानांचे गठ्ठे करून शिवतो ना, तेव्हा मधलं पान उघडं ठेवावं लागतं. दोरा तिथूनच जातो," तो म्हणाला. "हा शब्द मधल्या पानावर होता. बाजूला बाइंडर होतं. ते तर माझ्या पाटीवरच आहे. बाइंड म्हणजे बांधणं, अर म्हणजे बांधणारा, हे मला आधीपासून येत होतं. वाटलं, बाईंनी आपल्याबद्दल काहीतरी लिहिलंय. चांगलंच असेल म्हणून उतरवून घेतलं."

"चांगलंच!" बायको म्हणाली. "फ्रेम करणार होते."

"तेवढ्यात लायब्ररीचं काम गेलं. मग मात्र वाटलं, शोधायला हवं. 'ट्रस्ट' हे दवाखान्याच्या पाटीवर होतं, तिथल्या क्लार्कने अर्थ सांगितला. पुढचं आणि मागचं तुम्ही सांगितलंत."

"आधी ते लॉजी, लेस, फुल कशाला मग?"

"एकदम विचारलं असतं तर तुम्हाला संशय आला असता."

लायब्ररी गेल्यावर दोन वर्षे त्यांनी बुटांचे खोके चिकटवले, हे मला बायकोने सांगितले. त्याने तिला डोळ्यांनी गप्प केले.

"कळल्यावर तरी यायचं बंद का नाही केलंत?" मी विचारले.

"न आलो असतो तर तुम्हाला ते खरंच वाटलं असतं."

मग मी सुरीचे सांगितले. सांगताना त्याच्याकडे नीट बघत होते, कारण त्याला ठाऊक असणार अशी माझी खात्री होती. त्याला ठाऊक नव्हते. त्याने शिकंज्याच्या दांड्याला धरले आणि बराच वेळ सोडले नाही.

"वहीत लिहिलंत?"

"हो. अठ्ठाविसाव्या. दोनच शब्द आहेत."

"म्हणजे शिवलं मीच असेल," तो म्हणाला. "लांब शब्द सोपे, बाई. त्यांना शिवण असते. आखूड शब्द कुठून उसवायचा?"

"आरोप करायला एवढा लांब शब्द," त्याची बायको म्हणाली, "आणि चूक झाली म्हणायला दोन टिचभर!"

मी त्याची माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही, मला सांगता येणार नाही. चेहऱ्यावरून मला त्याचे कधीच काही कळले नाही, आणि जे कळले असे वाटले होते ते खोटे निघाले.

निघताना तो पहिल्यांदाच मला जिन्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, "ज्यांना सांगायचं त्या बाई आता नाहीत. तर मग तुम्ही लिहा. पण मराठीत लिहा. मला फोडावं लागू नये असं."

म्हणून हे मराठीत लिहिले आहे. शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने सुरी घेतली नव्हती. हे मला अठरा वर्षे माहीत होते.

पुढच्या जानेवारीत हे कागद त्याच्याकडे जातील. गठ्ठ्यात सुरीचे वाक्य बरोबर मधल्या पानावर येईल असे ते लावून ठेवले आहेत. या वेळी दोरा बांधणार नाही.

पाने मात्र मोजली आहेत.