घेण्यास नकार

आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी निवृत्तीपर्यंत पत्रव्यवहार सांभाळला. आवक-जावक नोंदवही, पोचपावती आणि पाकिटावरचा पोस्टमनचा शेरा यांवर माझा जेवढा विश्वास होता, तेवढा माणसांवर कधीच नव्हता. नको असलेले पत्र 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत जाते आणि पाठवणाऱ्याला तुमचा नकार कळतो. कायदा मात्र नाकारलेले पत्र पोचलेच असे धरतो. नव्याने लागलेल्या प्रत्येक कारकुनाला मी हे दोन्ही नियम शिकवले आहेत.

अंबरनाथला आमच्या इमारतीच्या मागे नाला आहे. त्यात कारखान्यांचे पाणी सोडत, कधी तांबडे, कधी फेसाळ. ज्यांच्या पगारावर माझे घर चालले, त्यांचेच पाणी. पत्नीला दमा होता. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या आणि त्या बंद खिडकीशी उभे राहून ती भाकऱ्या थापायची. या पाण्याविरुद्ध मी तीन वर्षे अर्ज केले. अखेर प्रदूषणाच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाने सुनावणी घेण्याचे मान्य केले. शेवटच्या अर्जाखाली मी स्वहस्ते लिहिले, "यापुढील पत्रव्यवहार ईमेलने केल्यास माझी हरकत नाही." आपण काळाबरोबर आहोत, हे तिथल्या टेबलावरच्या तरुण साहेबाला दाखवण्याची हौस, दुसरे काही नाही.

दर बुधवारी मी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या सायबर कॅफेत जात असे. मालक सिंधी, तोंडाने गोड. माझ्या ईमेलच्या पेटीत लॉटरी लागल्याची पत्रे येत, बँकेच्या नावाने पासवर्ड मागणारी पत्रे येत. टपालात पाकीट हातात घेतले की शिक्का, हस्ताक्षर, कागद यांवरून माणूस ओळखू येतो. इथे चोराचे पत्र आणि सरकारचे पत्र एकाच अक्षरात, एकाच रांगेत उभे. मी बँकेच्या त्या तोतयालाही उत्तर लिहिले, अधिकाराचा पुरावा मागणारे. त्यानंतर तशी पत्रे दुप्पट झाली.

"काका, चोर को कोई जवाब लिखता है क्या?" मालक हसून म्हणाला. "जो नहीं चाहिए, उसपे ये बटण मारो. खतम."

बटणावर 'स्पॅम' लिहिले होते. माझ्या लेखी ते 'घेण्यास नकार'चेच बटण ठरले.

पुढच्या बुधवारी कार्यालयाची पोच आली. खाली ओळ होती, या पत्रास उत्तर देऊ नये. तीन वर्षे ज्याने उत्तरे मागितली, त्याला कार्यालय उत्तर देण्यास मनाई करीत होते. हा उद्धटपणा मी मुकाट्याने स्वीकारणार नव्हतो. मी बटण दाबले. पत्र नाहीसे झाले. ते माझा नकार घेऊन साहेबाच्या टेबलावर परत गेले, अशी माझी खात्री होती आणि त्या समाधानात मी रिक्षाने घरी आलो.

त्यानंतर त्या पत्त्यावरून काही आले नाही. मी दोन महिने वाट पाहिली आणि मग स्वतः गेलो. साहेबांनी फाईल उघडली.

"सुनावणी झाली, आजोबा. तुम्ही आला नाहीत. तक्रार निकाली काढली."

"मला नोटीस मिळालेली नाही."

"तुम्ही दिलेल्या पत्त्यावर गेली आहे. ही बघा तुमची सही."

सही माझीच होती.

माझी मुलगी ऐरोलीच्या एका कंपनीत संगणकाचे पडदे आखते, म्हणजे कोणते बटण कुठे असावे आणि त्यावर काय लिहावे, ते ठरवते. रविवारी तिने माझी पेटी उघडली. डाव्या बाजूला, तळाशी, मी कधी न उघडलेला एक कप्पा होता. लॉटऱ्यांच्या ढिगाऱ्यात सुनावणीची नोटीस तिथे पडली होती.

"बाबा, तुम्हीच त्यांना स्पॅममध्ये टाकलंत."

"मी पत्र परत केले होते."

"परत नाही जात ते. त्यांना कळतही नाही. पुढची सगळी पत्रं गुपचूप इकडे येतात."

"हे बटणाने मला सांगितले?"

"लोक वाचत नाहीत हो. चार ओळी लिहिल्या की घाबरून पळतात."

"मी वाचतो. उभा जन्म मी तेच केले आहे."

त्या रात्री मुलीच्या संगणकावरून मी मेल चालवणाऱ्या कंपनीस पत्र लिहिले. बटण दाबण्यापूर्वी परिणाम सांगावा. पत्र बाजूला टाकल्यास कोणत्या कारणाने टाकले, ते त्याच पत्रावर लिहावे आणि प्राप्तकर्त्यास तसे कळवावे. जिथे पासवर्ड मागितला आहे, तिथे पाठवणाऱ्याचा खरा पत्ता ठळक दाखवावा. हे सारे मराठीत असावे. पहारेकऱ्याने कोणाला दारातून हाकलले, हे घरमालकाला कळू नये, असा पहारा जगात कोठे आहे, असेही विचारले. पाच मिनिटांत उत्तर आले. माझे पत्र मिळाले होते आणि त्या उत्तरास उत्तर देऊ नये, असे त्यात म्हटले होते.

मुलीने मात्र आपल्या कामातल्या एका पडद्यावर ओळ घातली: "यापुढे या पत्त्यावरून येणारी पत्रे तुम्हाला समोर दिसणार नाहीत. चालेल?" महिन्याने मी त्या ओळीची चौकशी केली.

"काढली," ती म्हणाली. "वरचे म्हणाले, फार लांब आहे."

मी पुन्हा पहिल्यापासून अर्ज लिहायला बसलो. पत्नी बदलापूरला बहिणीकडे राहायला निघाली होती, तिकडे हवा बरी म्हणून. पिशवी भरता भरता तिला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.

"अहो," दारातून ती म्हणाली, "या वेळी उत्तर कुठे येणार, तेवढं नीट लिहा."

मी लिहिले, केवळ नोंदणीकृत टपालाने. मग उठून खिडकीची सुटलेली पट्टी पुन्हा चिकटवली.