विहिरीकडची हाक

आगाशीच्या माझ्या अनसूयाकाकीने हरिकाका गेल्यापासून पंपाच्या बटणाला हात लावला नव्हता, दुसऱ्या कोणाला लावूही दिला नव्हता. मुलगा उमंग ओरडून दमला. वाडीतल्या केळी सुकत चालल्या होत्या.

काका रोज सकाळी वाडीच्या टोकाला विहिरीवर जायचे, पंप तपासायचे आणि तिथूनच ओरडायचे, "पानी दे गो!" बटण घराच्या मागच्या पडवीत. काकीने ते दाबलं की पाणी सुटायचं. संसारभर हेच चाललं. एका सकाळी हाक आली, काकीने चहा उतरवला आणि बटण दाबलं. काका तेव्हा पंपाची तुटलेली वायर जोडत होते.

हाक खरंच आली होती, की रोजच्या सवयीने तिला ऐकू आली? सांगणारा उरलाच नाही. हाक मात्र उरली. चहाला उकळी फुटली की रोज वाडीतून स्पष्ट यायची, आणि काकी जागच्या जागी थिजायची.

मीच तिला नायगावला सुरुची मॅडमकडे नेलं. बाई मानसशास्त्र शिकलेल्या, वर विपश्यनेची शिबिरं केलेल्या. मी मनात म्हटलं, घ्या, आता डोळे मिटून सगळं गोड मानायचं.

तसं काही नव्हतं. श्वासावर लक्ष ठेवून बसायचं. हाक आली की पळायचं नाही, तिला हाकलायचंही नाही. छाती धडधडली, हात गार पडले, एवढं नुसतं जाणायचं. मग भीती दहापैकी किती, ते सांगायचं. पुढे घरी मेन स्विच बंद करून नुसतं बटणावर बोट ठेवायचं.

"धा," काकी म्हणाली. "पन त्यांनी हाक मारली होती का, ते कळंल ना मला?"

"नाही, काकी. ते कधीच कळणार नाही. ते न कळणं सोबत घेऊनच बसायचं," मॅडम म्हणाल्या.

काकी इतकी भडकली की परतताना बसमध्ये माझ्याशी बोलली नाही. मला मात्र बाई तेव्हा आवडल्या. थापा मारत नव्हत्या.

तरी काकी चिवट. बसत राहिली. परवा मी तिच्याकडे मुक्कामाला होते. सकाळी चहा उकळला आणि काकीने मान वर केली. मला काहीच ऐकू आलं नाही. वाडीकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "थांबा. बघून येते."

उरल्यासुरल्या केळींमधून ती विहिरीपर्यंत गेली. वाकून पंपाभोवती आणि उमंगने बदलून घेतलेल्या वायरीकडे नीट पाहिलं. परत आली, मेन स्विच चालू केला आणि बटण दाबलं. पाटात पाणी धावलं.

"एवढंच बोलायचं होतं गो त्या दिवशी," म्हणाली आणि पडवीतच बसून रडली. मीही रडले. चहा केव्हाच उतू गेला होता.

दुपारी मॅडमचा फोन आला. भीती आता किती?

"दोन."

"छान! आता शून्यावर आणू या."

काकीने वाडीकडे पाहिलं.

"दोन ऱ्हाऊ दे, बाय. शून्य झाली तर मला हाक कोन मारील?"