आवाज न करणारं इंजिन

आमच्या गल्लीत आईबापांनी ठेवलेली नावं चालत नाहीत. मी ट्रकच्या सीटा शिवतो, म्हणून मी गादीवाला. समोर पत्रा ठोकणारा तो ठोक्या. आणि माझ्या भिंतीला भिंत लावून ज्याचं इंजिनाचं गॅरेज होतं, तो दात्या मिस्त्री. तोंडावर मिस्त्री, पाठीमागे दात्या.

दात पुढे होते म्हणून नव्हे, दात चांगले सरळ होते. इंजिनाचं दुखणं शोधायची त्याची पद्धत अशी, की चालू इंजिनावर लांब पेचकसाचं टोक टेकवायचं, त्याची मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. पूर्वी तो इतर मिस्त्रींसारखा पेचकस कानाला लावायचा. मग केव्हातरी तो दातांत धरायला लागला. "हाडातून जास्त कळतं," म्हणायचा. ड्रायव्हर लोक भारावून बघत राहायचे आणि चार गावांत सांगत सुटायचे. मलाही ती उस्तादाची नवी तऱ्हा वाटली होती.

माणूस कामाला सोनं, पण तोऱ्याचा. मागून हाक मारली तर ओ द्यायचा नाही. समोर जाऊन उभं राहिलं की मग मान वर करणार, आणि ती सुद्धा उपकार केल्यासारखी. मी बायकोला म्हणायचो, याच्या नाकावर माशी बसायची नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा, आणि तरी दुपारी तो डबा घेऊन माझ्या ओट्यावर आला नाही तर घास गोड लागायचा नाही.

त्याच्या शेजारी बसून बसून मलाही इंजिनातलं थोडंफार कळायला लागलं होतं. इंजिनाच्या डोक्यावर धूर बाहेर सोडणाऱ्या आणि हवा आत घेणाऱ्या झडपा असतात, वॉल्व्ह. झडपेत आणि ती दाबणाऱ्या दांड्यात केसभर फट ठेवावी लागते, त्याला हे लोक टॅपेट लावणं म्हणतात. फट जास्त झाली की टकटक वाजतं. कमी झाली तर काहीच वाजत नाही, पण इंजिन तापलं की झडप पुरती मिटत नाही आणि आतली आग तिची कड खाऊन टाकते. दात्या स्वतःच म्हणायचा, "वाजणारं टॅपेट बरं, मुकं वाईट." बाकीचे मिस्त्री फटीत पोलादाची पातळ पत्ती घालून माप घेतात. दात्या चालू इंजिनावर नुसत्या कानाने फट लावायचा. टकटक अगदी बारीक उरली की हात थांबवायचा. "पत्ती लावतो तो मिस्त्री नव्हे, शिंपी," असं माझ्याकडे बघून म्हणायचा. मी म्हणायचो, "शिंप्याचं निदान माप चुकत नाही."

त्याच्या धाकट्या बहिणीचा ट्रक होता. नवरा गेला तेव्हा मागे तीन गोष्टी ठेवून गेला, म्हातारी सासू, शाळेत जाणारी मुलगी आणि हा ट्रक. ट्रक तिच्या लग्नाच्याही आधीचा. दिरांनी म्हटलं विकून टाक. तिने विकला नाही, स्वतः चाकावर बसली. पहिले काही महिने लोक थांबून बघायचे, मग कंटाळले. बाई बोलायला कमी आणि नजरेला तेज. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो.

एका सकाळी तिने ट्रक भावाच्या दारात उभा केला. बंद करायच्या आधीच सगळी केबिन हिवतापाच्या माणसासारखी थडथडत होती.

दात्याच्या समोर येऊन, नेहमीप्रमाणे सावकाश, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "दादा, उभी असली की अशी हलते. क्लच दाबला की बंद पडते. आणि चढावर ओढतच नाही. खडीच्या खाणीवर गाड्या घेणार आहेत. भरलेली गाडी न थांबता वर आली तर काम, थांबली तर परत तोंड दाखवायचं नाही."

"ओढेल. उडत जाईल तुझी गाडी," दात्या म्हणाला.

ते काम मिळणं म्हणजे तिच्या घराचं बूड टेकणं होतं. इतर भाडी तिला मिळेनाशी झाली होती, जुन्या गाडीत माल कोण घालतो? खाण नाही तर भंगार, असा सरळ हिशोब होता.

दात्याने दिवसभर जीव तोडून काम केलं, त्यात खोट काढणार नाही. हवेची जाळी साफ केली, डिझेलचा फिल्टर बदलला, नळीत हवा धरली होती ती काढली. मग इंजिन चालू ठेवून एकेका सिलेंडरच्या डिझेल नळीचा नट किंचित सैल करून बघितला. चांगल्या सिलेंडरचं डिझेल तोडलं की इंजिन आणखी लंगडतं. चौथ्याचं तोडलं आणि काही फरकच पडला नाही. म्हणजे चौथा फुकटखाऊ. हे त्याला हात बॉनेटवर ठेवून कळलं. चौथ्याचं डिझेल फवारणारं नोझल ठिबकत होतं. ते बदललं आणि केबिन शांत झाली. तिथे थांबला असता तर मी आज हे सांगत बसलो नसतो.

पण त्याने वरचं झाकण काढलं. "हात लावलाच आहे तर टॅपेटही बघून टाकतो."

बहिणीने मापाच्या पोलादी पत्त्यांचा जुडगा त्याच्या पुढ्यात मडगार्डवर ठेवला. म्हणाली, "दादा, या वेळी पत्ती लाव. माझ्या समाधानासाठी."

तो हसला. जुडगा बाजूला सरकवला, पेचकस दातांत धरला आणि डोळे मिटले. एकेक स्क्रू पिळत गेला. पिळायचा, थांबायचा, आमच्या चेहऱ्यांकडे चोरून बघायचा, पुन्हा थोडा पिळायचा. झाकण लागलं तेव्हा इंजिनातून टकटक म्हणून नावाला नव्हती. ठोक्या हातोडी टाकून आला. "मिस्त्री, हे इंजिन आहे का शिलाई मशीन?" सगळे हसले. बहीण हसली नाही.

थोडे दिवस गेले आणि खाणीवर गाडी चढवून दाखवायच्या आदल्या दिवशी ट्रक पुन्हा दारात. थंड असताना ठीक, तापला की पुन्हा तीच थडथड, आणि पिकअप पहिल्यापेक्षा वाईट. या वेळी मागच्या धुराच्या नळीतून ठराविक ठेक्यात फुस, फुस असा आवाज येत होता. मी गादीवाला, पण कान शाबूत आहेत. उठून त्याच्या समोर गेलो आणि म्हणालो, "काहीतरी फुसफुसतंय बघ."

"तू तुझा दोरा ओव," तो म्हणाला.

नळीच्या तोंडाशी त्याने तळहात धरला, नोझल पुन्हा काढून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. शेवटी म्हणाला, "डिझेल खराब भरलंय कुठेतरी." आणि रेसचा स्क्रू थोडा वाढवून दिला. रेस वाढवली की थडथड दबते. ताप असलेल्या पोराला गार पाण्याने पुसून शाळेत पाठवण्यातला हा प्रकार.

तो हात धुवायला गेला तशी मी ताईला गाठलं. "ताई, कृपा कर, नाक्यावरच्या मिस्त्रीला एकदा दाखव. तासाभराचं काम."

ती भावाच्या पाठीकडे बघत होती. "दादाने बघितलीय ना," म्हणाली, "झालं तर मग." मला तेव्हा तिचाही संताप आला. म्हटलं, भावाबहिणीची एकच जात, आपलं तेच खरं.

दुसऱ्या दिवशी मी आणि दात्या खाणीवर गेलो. खाण म्हणजे एक अक्राळविक्राळ खड्डा आणि त्यातून वर येणारा एकच कच्चा चढ. एक गाडी अडकली की मागच्या सगळ्या अडकणार, म्हणून तिथल्या मुकादमाला थांबलेल्या गाडीचा तिटकारा. ताईचा ट्रक भरून निघाला. पहिला टप्पा चांगला चढला. मग काळा धूर यायला लागला, वेग माणसाच्या चालीवर आला. तिने गिअर उतरवला. दात्या माझ्या शेजारी मुठी आवळून उभा होता. चढाच्या मध्यावर आतून काड्कन काहीतरी तुटलं आणि पाठोपाठ लोखंडावर लोखंड आपटल्याचा असा आवाज आला की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा इंजिनाच्या कुशीला भोक पडलं होतं आणि तेल चढावरून खाली वाहत होतं. तिने हँडब्रेक ओढला, उडी मारली आणि चाकामागे दगड लावला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट मांडला.

मुकादम तिच्याशी बोललाही नाही. माणसांना म्हणाला, "बाजूला ओढा हे."

आणि दात्या मला विचारत होता, "थांबली का? का थांबवली तिने?" तो आवाज खड्ड्यातल्या प्रत्येक माणसाने ऐकला होता. त्या क्षणी मला सगळं कळलं, पेचकस, दात, मागून न दिलेली ओ, सगळं.

ट्रक ओढून गल्लीत आणला. दात्याने सगळ्यांच्या देखत इंजिनाचं डोकं उतरवलं. चौथ्यातल्या झडपेची तबकडी तुटून खाली पडली होती, पिस्टनचा चुरा झाला होता आणि पिस्टनचा दांडा इंजिन फोडून बाहेर आला होता. शेजारच्या झडपांच्या कडा जळून कातरल्या होत्या. एवढ्या लवकर त्या अशा कशाने जळाल्या, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आपल्याला ऐकू न येणारी टकटक कुठे उरली तर ती लोकांना ऐकू येईल, या धाकाने त्याने एकूण एक टॅपेट मुकं करून टाकलं होतं.

तो जमिनीवर बसला. बहीण जवळ उकिडवी बसली.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. दातातूनही येत नाही आता. तुला सांगायला पाहिजे होतं."

तिने तोंडावर पदर धरला होता. पदराआडून ती हळूच काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं, त्याला नाही. त्याला तिचे ओठ दिसत नव्हते.

"काय?" त्याने विचारलं. "काय म्हणालीस?"

ती पुन्हा म्हणाली. तो पुन्हा म्हणाला, "काय?"

मग तिने पदर काढला आणि ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला ओरडताना ऐकलं. "माहीत होतं मला! तू ठार बहिरा आहेस हे मला केव्हाचं माहीत होतं! सख्ख्या बहिणीने गाडी दुसरीकडे नेली असती तर गल्लीला काय ते कळलं असतं, आणि तुझ्या दारात पुन्हा एक गाडी आली नसती! म्हणून आणली तुझ्याकडे! कळलं आता?"

ठोक्याची हातोडी थांबली होती. पलीकडचा टायरवाला दारात येऊन उभा होता. ताईने इकडेतिकडे बघितलं, आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दात्या मान हलवत होता. त्याला बहुधा शेवटचं 'कळलं आता?' एवढंच कळलं होतं.

त्याच्या दारात त्या दिवशी एक गाडी पाळीची वाट बघत उभी होती, पंपाच्या कामासाठी. तिचा ड्रायव्हर थोडा वेळ चुळबुळत उभा राहिला. मग केबिनमध्ये चढला, इंजिन चालू केलं आणि गाडी मागे घेत घेत गल्लीबाहेर निघून गेला. दात्या रस्त्याकडे पाठ करून तुटलेली झडप फडक्याने पुसत होता. पुसून झाल्यावर तो उठला, वळला आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला.