कुठल्याच ढगातून न पडलेलं पाणी

गल्लीत त्याला ‘अंदाजपंचे’ म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर सगळे अदबीने विचारायचे, “काय साहेब, यंदा बुडवताय की ठेवताय?”

पाणलोट विभागाच्या कार्यालयात बसून तो नदीचा अंदाज काढायचा. वर डोंगरात पाऊस पडला की त्यातला मातीत मुरणार किती, वाहून ओढ्यांना लागणार किती, आणि सगळे ओढे मिळून जुन्या पुलाशी पाणी किती फुटांवर नेणार, हे त्याचं संगणकातलं मॉडेल सांगायचं. माती आधीच भिजलेली असली की ती पोट भरलेल्या पाहुण्यासारखी, कितीही आग्रह करा, आणखी घेत नाही. मग जरासा पाऊसही सरळ नदीत जातो. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. बायको म्हणायची, “एवढ्या डोंगरांचं पाणी कळतं, फक्त आपल्या मोरीत कुठे तुंबलंय ते कळत नाही.”

त्याचा आकडा चांगलाच असायचा. घोळ व्हायचा पुढे. आकडा गेला की मोठे साहेब त्यात दोन फूट घालायचे, “उद्या आपल्या अंगावर नको” म्हणून. तिथून तो कलेक्टर कचेरीत जायचा, तिथे आणखी एक फूट चढायचा, कारण कचेरीलाही अंग होतंच. असं हे तीन फूट पाणी कुठल्याच ढगातून पडलेलं नसायचं, ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पडत यायचं.

आणि ते जाऊन पडायचं त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाच्या डोक्यावर. दादाचं गाद्यांचं दुकान पुलाखालच्या गल्लीत. इशारा आला की दादा आणि वहिनी एकेक गादी अरुंद जिन्यावरून माळ्यावर चढवायचे. नदी गटाराच्या तोंडापर्यंत येऊन माघारी जायची. मग सगळ्या गाद्या पुन्हा खाली. एकदा जेवताना दादा सगळ्यांसमोर म्हणाला, “आमचा धाकटा खूप शिकला, पण नदीला कुणी कळवलेलं दिसत नाही.” सगळे हसले, वहिनी तर ठसका लागेपर्यंत हसली. त्याला ते फार झोंबलं. परक्याने नावं ठेवली तर माणूस सोडून देतो, घरच्यांचं कसं सोडणार?

मग त्याने शेरास सव्वाशेर व्हायचं ठरवलं. वरचे तीन फूट घालणार ना, घाला. तो आधीच तीन फूट कापून आकडा द्यायला लागला. मोठ्या साहेबांनी दोन घातले, कचेरीने एक घातला, आणि बाहेर पडला तो बरोबर त्याचा मूळ आकडा. नदी शहाण्या मुलासारखी त्या आकड्यावर येऊन थांबायला लागली. मोठे साहेब सगळ्यांना सांगत सुटले, “शेवटी अनुभव म्हणतात तो हाच.”

दादाचं तर विचारूच नका. गिऱ्हाईक दिसलं की त्याला बसवून सांगायचा, “आमच्या धाकट्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.” जिना चढणं त्याने बंदच केलं. दुकानात फळ्या ठोकल्या, भिंतीवर पुलाच्या फुटांच्या खुणा केल्या, जाहीर आकडा बघायचा आणि पाण्याच्या वर येईल त्या फळीवर गाद्या रचायचा. धाकट्याला आयुष्यात इतकं सुख कधी झालं नव्हतं, पदवी मिळाली तेव्हाही नाही.

मोठे साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅडम आल्या. हुशार आणि प्रामाणिक. प्रामाणिक माणूस वर आला की खालच्यांची पंचाईत होते. मॅडमनी मागच्या पावसाळ्यांचे जाहीर आकडे काढून पाहिले, नदीशी ताडले, आणि ते सगळे त्याचेच समजून खूश झाल्या.

त्याच पावसाळ्यात डोंगरात संततधार लागली. मॉडेलने अठरा फूट सांगितले. त्याने सवयीने पंधरा लिहून दिले. दुपारी मॅडम स्वतः त्याच्या टेबलाशी आल्या.

“तुमच्या आकड्याला मी हात लावला नाही. कचेरीलाही बजावलं, वाढवायचं नाही म्हणून. तसाच जाहीर झालाय. इतका बरोबर येतोय, तर मधे लुडबुड करणारे आपण कोण?”

सांगावं तर इतक्या वर्षांचं नाव मातीत जाणार. न सांगावं तर दादाचं दुकान पाण्यात. त्यातून त्या आठवड्यात वसतिगृहाची मोठी ऑर्डर, दुकान गाद्यांनी गच्च भरलेलं. त्याने चहा मागवला, तो संपेपर्यंत विचार केला. मग उठून मॅडमच्या खोलीत गेला.

“मॅडम, ते अठरा आहेत.”

मॅडमनी लगेच नवा इशारा काढला. त्याने तिथेच उभं राहून दादाला फोन लावला.

“दादा, पहिला आकडा सोड. दुसरा खरा आहे. गाद्या माळ्यावर ने.”

दादा हसला. “तुझा पंधरा आला तेव्हाच गाद्या फळीवर लावल्या. हा दुसरा वरच्यांनी फुगवलेला, मला का कळत नाही? पूर्वी असंच चालायचं.”

“नाही रे, मी सांगतोय ना.”

“साहेब शेजारीच उभे आहेत वाटतं,” दादा आवाज खाली आणून म्हणाला. “बरं बरं. समजलं.” आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना.

पाणी ओसरल्यावर तो गल्लीत गेला. माणसं वरच्या मजल्यांवर सुखरूप होती, दुकानं तेवढी गेली होती. दादा भिजलेली गादी ओढत होता. ओली गादी एकट्याला हलत नाही. धाकट्याने दुसरं टोक धरलं. शेजारचा शिंपी काहीतरी खोचक बोलला तसा दादा त्याच्यावरच उखडला, “माझ्या भावाचा आकडा चुकत नाही. कुणीतरी मधल्यामधे कमी केला असणार.”

“मीच केला, दादा.”

दादाला कळेना. धाकट्याने तिथेच, हातात गादी धरून सगळं सांगितलं. ते जेवण, ते हसणं, ते तीन फूट.

“मग तुझ्या मशिनीत मुळात किती होतं?”

“अठरा.”

दादाने भिंतीवरची चिखलाची रेघ पाहिली. अठराच्या खुणेलाच होती, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. इतका अचूक अंदाज धाकट्याने आजवर काढला नव्हता.

“म्हणजे तुला माहीत होतं,” दादा म्हणाला, आणि त्याने गादीचं आपलं टोक खाली ठेवलं.