वळणावरची कटकट

सातपूरला आम्हा दोघा भावांचं गॅरेज होतं, पण नव्वदच्या दशकात गिऱ्हाइकं धाकट्यालाच शोधत यायची. एकदा पेठच्या एका ठेकेदाराची फोर-व्हील ड्राइव्ह जीप आली. वळताना खालून कटकट आवाज यायचा.

मी म्हणालो, "गिअरबॉक्स उघडावा लागेल."

धाकटा जीप घेऊन एक फेरी मारून आला. "दादा, गिअरबॉक्स चांगला आहे. पुढच्या चाकाचा जॉइंट गेलाय."

त्याचं चुकावं, असं मनापासून वाटत असतानाच मी चाक खोललं. जॉइंट पार झिजला होता. ठेकेदार त्याची पाठ थोपटायला लागला, तेव्हा धाकटा म्हणाला, "आम्ही दोघांनी मिळून शोधलं."

त्या मोठेपणाने मी आणखीच जळलो. दुपारी त्याने डबा पुढे केला. भूक नाही म्हणून मी बाहेर निघून गेलो.